बिनकिड्यांचे मासे

२ फेब्रुवारी

वन्सं,

सोबत बरणी आहे. ती आधी उघडू नका, आधी हे वाचा. बरणीत लालशेपट्या माशाचं काळीज आहे, बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेलं. बसच्या ड्रायव्हरला मी ‘औषध आहे’ असं सांगितलंय. तुम्ही उतरवून घेताना उगाच खरं बोलू नका.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “वहिनी, आपलं काम एकच. तू मासे कापतेस, मीही मासे कापते. फक्त माझे काप इतके पातळ असतात की त्यातून पलीकडचं दिसतं.” मी तेव्हा खूप हसले होते. आता मला तुमचे ते पातळ कापच हवे आहेत.

काल बाजारात भर गर्दीत शिंपीणबाईनं मासा परत आणून माझ्या ओट्यावर आपटला. काळजात पांढरे दाणे, मोहरीएवढे, मोजता येणार नाहीत इतके. “हे काय विकतेस?” म्हणाली. पंधरा वर्षं मी मासे साफ करते. एखाददुसरा दाणा दिसायचा, सुरीच्या टोकानं उडवायचा, संपलं. यंदा दर दुसऱ्या माशात आहेत. तुमचे दादा म्हणतात, “पोट साफ करून विक, कोण बघतंय?” अहो, मी बघतेय ना!

फोन केला असता, पण फोन दादांजवळ, दादा होडीत आणि होडी नदीत. शिवाय फोनमधून बरणी जात नाही.

सासूबाई मजेत आहेत. त्यांना दाण्यांचं सांगितलेलं नाही.

तुमची,
वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

ड्रायव्हरनं बरणी हातात दिली आणि विचारलं, “हे पोटात घ्यायचं की वरून लावायचं?” मी म्हटलं, डोळ्यांनी घ्यायचं. आणि खरंच तसंच झालं!

ऐक. एक दाणा काचेवर घेतला, भिंगाखाली धरला आणि सुईच्या टोकानं हळूच टोचला. दाणा फुटला. आतून काय निघालं असेल? किडा! जिवंत! झाडाच्या पानासारखा चपटा, नखाच्या कडेएवढाही नाही, तोंडाशी एक आणि पोटाशी एक अशा दोन वाट्या, त्यांनी काचेला धरत धरत चालला होता. वहिनी, तो चालत होता! मी इतक्या जोरानं ओरडले की शेजारच्या खोलीतून चौघं धावत आले. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्याही आल्या. त्या म्हणाल्या, “ओरडायचं असेल तर काच हलणार नाही अशा बेतानं ओरडा.” मग स्वतःच दहा मिनिटं भिंगावरून उठल्या नाहीत.

हा किडा तीन घरं बदलतो. त्याची अंडी पक्ष्याच्या शिटेतून पाण्यात पडतात. तिथून तो पाण्यातल्या गोगलगायीत शिरतो. गोगलगायीतून निघाला की माशात शिरतो आणि दाणा होऊन गप्प बसून राहतो. तो मासा पाणकावळ्यानं गिळला की पाणकावळ्याच्या पोटात मोठा होतो. थोडक्यात, तुझा लालशेपट्या म्हणजे त्याचं मधलं मुक्कामाचं ठिकाण. माणसात त्याला रस नाही, आणि नीट शिजवलं की मरतोच. हे शिंपीणबाईला सांग.

आता काम. चाळीस बाटल्या पाठवतेय. त्यात मांस टिकवायचं औषध आहे, वास भयंकर, तेव्हा हातमोजे घालूनच उघड आणि आईला हुंगू देऊ नकोस. वेगवेगळ्या जागचे मासे घे, प्रत्येकाच्या काळजाचा (आम्ही त्याला यकृत म्हणतो) नखाएवढा तुकडा एकेका बाटलीत टाक. नखाएवढा म्हणजे नखाएवढा! तुझा हात सढळ आहे, मला माहीत आहे. मोठा तुकडा टाकलास तर औषध आत पोचत नाही आणि मधला भाग सडतो.

तुझी एकुलती एक
नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

चाळीसच्या चाळीस बाटल्या भरल्या. पहिल्या पाच तुकड्यांना सासूबाईंनी स्वतःचं नख लावून बघितलं आणि तीन नापास केले.

आता खरी गंमत ऐका. वीस मासे वरच्या डोहातले. त्यातल्या सतरांत दाणे. वीस मासे खालच्या वळणावरचे, म्हणजे बुटक्या बंधाऱ्याच्या पलीकडले. त्यांत किती असतील? एकात पण नाही! मी तीनतीनदा उलटून बघितलं. दादांना बोलावून दाखवलं. काळीज एकदम गुळगुळीत, दाण्याचा मागमूस नाही. बंधारा चढून खालचा मासा वर येत नाही आणि वरचा खाली जात नाही, म्हणजे हे दोन वेगळेच गाव झाले.

एवढे दिवस खालच्या वळणावर कोणी जाळं टाकत नव्हतं, कारण तिथं मासा कमी मिळतो. पण कमी असला तरी स्वच्छ आहे! दादा उद्यापासून होडी तिकडे नेतो म्हणतात. नेऊ द्या ना? तुमचा शब्द हवा आहे त्यांना. माझ्या शब्दाला घरात फक्त मीठ-मिरचीपुरती किंमत.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

ने, ने, ने! सतराला शून्य! मी मोठ्या बाईंना आकडे दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या चष्मा पुसतात तेव्हा समजायचं की खूश आहेत. दादाला सांग, खालच्या वळणावरच जाळं टाक. बाजारातल्या बाकीच्यांनाही सांग. बिनकिड्यांचा मासा मिळत असताना किडके कशाला विकायचे?

बाटल्यांतल्या तुकड्यांचे काप करायला महिना लागेल. तुकड्यातलं पाणी काढून टाकायचं, मग त्यात मेण भरायचं, मेणाची वडी पाडायची, यंत्राच्या पात्यावर तिचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवायचे. एकेका माशाचे सहा काप. तोपर्यंत दम धर.

नणंद


१८ मार्च

वन्सं,

तुमच्या एका पत्रानं बाजार हलवला! सात होड्या खालच्या वळणावर जातात आता. माझ्या ओट्यावर पाटी लागली आहे, ‘बिनकिड्यांचे मासे’. अक्षरं अशी चकचकतात की लांबून डोळे दिपतात. माझ्या भावानं करून दिली. तुम्ही त्याला लग्नात बघितलं होतं, रबरी बूट घालून आला होता तो. नदीकाठच्या कारखान्यात दारांच्या कड्यांना आणि मुठींना तांब्याचा मुलामा देतात, तिथं तो आता मुकादम झालाय. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, मीच त्याला वाढवलं. म्हणून पाटी लावताना तो म्हणाला, “ताई, मुलामा फुकट, पण रोजचं पहिलं काळीज माझं.”

त्याला कुठलं मिळतंय? काळजावर सासूबाईंचा हक्क. रोज दुपारी ताट समोर येताच विचारतात, “दाण्याचं आहे की बिनदाण्याचं?” (त्यांना अखेर कळलंच.) बिनदाण्याचं म्हटलं की सगळं संपवतात.

शिंपीणबाई काल दोन मासे घेऊन गेली. हसली सुद्धा.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

हे पत्र मिळताक्षणी आईचं काळीज खाणं बंद कर. आजपासून. दादाचंही, तुझंही, सगळ्यांचं. खालच्या वळणावरचा मासाच नको. दादाचा फोन लागत नाही, म्हणून हे बसनं पाठवतेय. कारण पुढे सांगते, पण आधी उठून हे सांगून ये, मग बाकीचं वाच.

आलीस?

काप तयार झाले. आधी वरच्या डोहातले बघितले. किड्याभोवती माशाच्या शरीरानं भिंत बांधली आहे. एकात एक पदर, कांद्यासारखे. भिंतीला लागून थोडी सूज, थोडा चुरा, आणि त्याच्यापलीकडे सगळं जिथल्या तिथं, रांगेत, टवटवीत गुलाबी. म्हणजे माशाला त्रास आहे, पण त्यानं तो एका कोपऱ्यात कोंडून ठेवलाय.

मग खालच्या वळणावरचे घेतले. मी आरामात बसले होते, म्हटलं आता निरोगी काळीज बघायला मिळणार. वहिनी, पहिली काच बघून मला वाटलं काप बिघडला. दुसरी बघितली. वीस माशांच्या एकशेवीस काचा बघितल्या. पेशी फुगलेल्या, आतून पोकळ, जागोजाग मेलेल्या, गुलाबी रंगात नुसती भोकं. भिंत नाही, कारण कोपऱ्यात कोंडायला काही नाहीच. सगळीकडून एकदमच कुजतंय. किडा एकही नाही आणि काळीज मात्र खलास.

पाण्यात काहीतरी आहे. काय ते मला माहीत नाही. मोठ्या बाई म्हणतात, “तुम्ही काप काढा, निष्कर्ष मी काढीन.” पण मीच तर महिन्याभरापूर्वी निष्कर्ष काढून तुम्हाला सगळ्यांना तिकडे पाठवलं ना! सात होड्या माझ्या एका ‘ने, ने, ने’वर गेल्या. किडा नाही म्हणजे मासा चांगला, इतका सरळ हिशोब मी केला. मला किड्याच्या आनंदात दुसरं काही सुचलंच नाही.

आईला डॉक्टरकडे ने आणि रक्त तपासून घे. लगेच कळव.

नणंद


२९ मार्च

वन्सं,

आधी बातमी: सासूबाईंचं रक्त ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, तीन-चार आठवड्यांच्या खाण्यानं काही बिघडलेलं दिसत नाही, आता मात्र नको. जीव भांड्यात पडला. सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, “माझ्या मुलीला सांगा, आता मला किडे घातलेलंच पाहिजे.”

पाटी काढली. बाजारात उभं राहून सगळ्यांसमोर मीच सांगितलं. दोघांनी शिव्या घातल्या, एकानं होडीची दोरी पायाशी टाकली आणि निघून गेला. पण खालून होड्या परत आल्या. मी कल्ले उघडून दाखवले त्यांना. खालच्यांचे कल्ले चिकट, फिके, वरच्यांचे लालभडक. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं की हो! मी दाणे शोधत बसले आणि कल्ले बघितलेच नाहीत. तेव्हा चूक तुमच्या एकटीची धरू नका.

आता महत्त्वाचं. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं की किडा पक्ष्यातून गोगलगायीत आणि गोगलगायीतून माशात. ते मी काल पुन्हा वाचलं आणि बसल्या जागी उडालेच. वन्सं, खालच्या वळणावर गोगलगायी नाहीत! वरच्या डोहात दगड उलटला की पाचसहा चिकटलेल्या असतात, पायाखाली कचकच वाजतात. खाली मी यंदा किती वेळा उतरले, पाय कधी कचकचला नाही. मला वाटायचं, काय छान स्वच्छ दगड आहेत!

मधलं घरच पडलेलं असेल तर पाहुणा राहणार कुठं?

वहिनी


३ एप्रिल

वहिनी!!

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग जिना चढत वाचलं, मग मोठ्या बाईंच्या खोलीत दार न वाजवता शिरून मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायचाच विसरल्या. म्हणाल्या, “ही बाई कुठे शिकली?” मी म्हटलं, ओट्यावर.

तू बरोबर आहेस! किडा नसणं हे आरोग्याचं लक्षण नव्हतंच. किडा नाही, कारण गोगलगाय नाही. आणि जे गोगलगायीला मारतं तेच माशाचं काळीज पोखरतंय. तेव्हा ते कुठून येतं हे आपल्याला गोगलगायीच सांगतील. त्या कुठे थांबतात ते शोधायचं!

असं कर. चार काठ्यांची चौकट बांध, हातभर लांब, हातभर रुंद. बंधाऱ्यापासून खाली जाताना दर पन्नास पावलांना ती पाण्यात टाक आणि आतल्या गोगलगायी मोज. आकडे लिही. एवढंच. मला झोप येत नाहीये, लवकर कर!

नणंद


१४ एप्रिल

वन्सं,

गोगलगायी मोजायला जमलं नाही. बाजारात काम खूप आहे. सासूबाई बऱ्या आहेत.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

तीन ओळींचं पत्र! तुझं आजवरचं सगळ्यात लहान पत्र सुद्धा पाठपोट असायचं.

तू रागावली आहेस आणि तुझं बरोबर आहे. मी लांब बसून हुकूम सोडते. हे कर, ते मोज, पाटी लाव, पाटी काढ. शिव्या तू खाल्ल्यास, मी इथं काचा बघत होते. आईला ते खायला घातलं तेही माझ्याच शब्दावर. कितीदा माफी मागू सांग, तितक्यांदा मागते.

पण तू थकली असशील तर मोजायचं मी करते. मोठ्या बाई आणि मी दोघी येतोय, पाच मेला. पाण्याच्या बाटल्या, चौकट, सगळं घेऊन. तू फक्त दार उघड.

नणंद


२२ एप्रिल

वन्सं,

मी तुमच्यावर रागावले नव्हते. कशाला रागावू? मी तुमच्याशी खोटं बोलले. गोगलगायी मी त्याच दिवशी मोजल्या होत्या, तुमचं पत्र आलं त्याच दुपारी.

हे आकडे. बंधाऱ्यापासून पहिल्या पन्नास पावलांवर एकतीस. शंभरावर अठ्ठावीस. दीडशेवर चौतीस. मी इतकी खूश होते की मोठमोठ्यानं मोजत होते, काठावरच्या धोब्याला वाटलं मी खुळी झाले. दोनशे पावलांवर चौकट टाकली. शून्य. अडीचशेवर शून्य. तीनशेवर शून्य. मग मागे वळले आणि एकेक पाऊल मोजत आले. एकशे ऐंशीला सव्वीस होत्या. एकशे चौऱ्याऐंशीला एकही नाही. मान वर करून बघितलं तर काठाला एक सिमेंटची नळी. आणि नळीच्या वर माझ्या भावाच्या कारखान्याची मागची भिंत.

 चौकट तिथंच टाकून घरी आले. दहा दिवस कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही मोठ्या बाईंना सांगितलं असतं, त्यांनी सरकारी माणसाला, आणि तो आधी मुकादमाची मान धरणार. मला वाटलं, एकदा त्याला सांगावं. मग वाटलं, सांगू नयेच. मग तुमचं माफीचं पत्र आलं. न केलेल्या चुकीची माफी तुम्ही मागताय हे वाचून मला स्वतःची लाज वाटली.

काल सकाळी कारखान्यात गेले. त्याला म्हटलं, “तुमचं धुण्याचं पाणी कुठं जातं?”

“टाकीत. जमिनीखाली. गाडी येऊन उपसून नेते.”

“गाडी शेवटची कधी आली?”

तो हसला. “वर्ष झालं असेल. टाकी भरतच नाही ताई. मी रोज पट्टी टाकून बघतो. पाणी एवढं वाचवतो आपण, मालक खूश आहेत माझ्यावर.”

 मी नुसतं त्याच्याकडे बघत राहिले. आणि वन्सं, त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो हुशार आहे हो, लहानपणापासून. “टाकी भरत नाही,” तो पुन्हा म्हणाला, पण आता स्वतःशीच.

त्यानं पहार आणली, दोघांच्या मदतीनं फरशी उचलली. टाकीचा तळ कोपऱ्यात फुटलेला. खालची माती हिरवीनिळी. तांब्याच्या भांड्यावर चढते ना, तसली हिरवी. वर्षभर सगळं पाणी तिथून झिरपून त्या जुन्या नळीला मिळत होतं. त्यानं तिथल्या तिथं नळ बंद केले, मालकाला बोलावलं, सगळ्या कामगारांसमोर सांगितलं, “माझी नजर चुकली.” मालकानं काम थांबवलं आहे, टाकी नवी होईपर्यंत.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्यानं झटकला. “दहा दिवस तुला माहीत होतं,” एवढंच म्हणाला. तेव्हापासून बोलत नाही.

तुम्ही या पाच मेला. जे असेल ते लिहा. दार उघडं आहे.

वहिनी


१२ मे

वहिनी,

घरी पोचले. तुमच्याकडच्या दोन दिवसांचा चिखल अजून नखांत आहे आणि मला तो काढवत नाही.

पाण्याचा निकाल आला. तांबंच! नळीच्या वर जवळजवळ नाही, नळीच्या खाली भरपूर. मोठ्या बाई म्हणाल्या, गोगलगायीला तांब्याचा एक थेंबही सोसत नाही, शेतातल्या गोगलगायी मारायला सुद्धा तेच वापरतात. तुझं एकशे चौऱ्याऐंशीवं पाऊल आणि आमच्या यंत्राचा आकडा तंतोतंत जुळले. मी यंत्राच्या खोलीत नाचले. मोठ्या बाईंनी बघितलं आणि दार लावून घेतलं, म्हणजे बाकीच्यांना दिसू नये.

अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. त्यात स्वच्छ लिहिलंय की गळती कारखान्याच्या मुकादमानं स्वतः शोधली, स्वतः थांबवली आणि स्वतः कळवली. मी सांगायच्या आधीच लिहिलं होतं. आणि गोगलगायींच्या मोजणीपुढे तुझं नाव आहे, पूर्ण नाव, सासर-माहेरसकट. माझं नाव कापांपुढे. पहिल्यांदाच, वहिनी. बारा वर्षं मी काप काढले, नाव कधी आलं नव्हतं.

तुझ्या भावाला मी तिथं बघितलं होतं. आम्ही पाण्यात उभ्या होतो तेव्हा तो वर काठावर येऊन थांबला होता. मी हाक मारणार तेवढ्यात निघून गेला. त्याला वेळ दे. दहा दिवस तू त्याच्यासाठी गप्प राहिलीस, हे त्याला कळायला दहापेक्षा जास्त लागतील.

आईला सांग, वरच्या डोहातल्या माशाचं काळीज नीट शिजवून खायला हरकत नाही. दाणे मोजत बसू नकोस म्हणावं.

नणंद


११ नोव्हेंबर

वन्सं,

हात ओले आहेत, कागदावर डाग पडतील, पण मला आत्ताच्या आत्ता लिहायचंय!

नवी टाकी होऊन चार महिने झाले, पूर येऊन गेला, हे तुम्हाला माहीतच आहे. भाऊ बोलत नव्हता. रस्त्यात भेटला तर मान हलवायचा, एवढंच. मीही मागे लागले नाही.

आज सकाळी ओट्यावर उभी होते, समोर चार गिऱ्हाईकं. आणि तो बाजारातून पळत आला! मुकादमाचे रबरी बूट, गुडघ्यापर्यंत चिखल, वाटेत शिंपीणबाईची टोपली उलथवली ती तशीच. धापा टाकत माझ्यासमोर थांबला आणि मूठ पुढे केली.

“ताई, हात कर.”

सहा महिन्यांनी पहिला शब्द! मी सुरी ठेवून हात पुढे केला. त्यानं तळहातावर ओलं, गार काहीतरी ठेवलं. गोगलगाय. वाटाण्याएवढी. शिंगं आत ओढून बसलेली.

“कुठं मिळाली?”

“दोनशे सात पावलांवर,” तो म्हणाला. “नळीच्या खाली. मी रोज सकाळी मोजतो, कामावर जायच्या आधी. तुझी चौकट तिथंच पडली होती ना, तिनंच. रोज शून्य यायचं. आज एक!”

 गिऱ्हाईकं बघत उभी. सासूबाई मागून म्हणाल्या, “अगं, रडतेस काय, ती सुकेल ना!”

मग काय! ओटा सासूबाईंच्या ताब्यात दिला आणि आम्ही दोघं धावत सुटलो. मी माझ्या या वयात, वन्सं, भर बाजारातून मूठ धरून धावले! त्यानं नेमका तो दगड दाखवला. पाण्यात उतरून मी तिला परत तिथंच ठेवलं. गुडघाभर पाण्यात दोघं वाकून बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. तो म्हणाला, “मेली का गं?” मी म्हटलं, “थांब जरा.”

मग एक शिंग बाहेर आलं. मग दुसरं. आणि चालायला लागली.

वहिनी